सहा अलार्म आणि एक झोपलेली आई

मंगळवार, दुपार
स्वयंपाकघरातलं टेबल

तीर्थस्वरूप दादा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी जेवढी वाकतात तेवढीच वाकवली आहेत. गेले तीन आठवडे मी शिडी धरून उभी आहे, तेव्हा बाकीचा नमस्कार उभ्यानेच गोड मानून घे. ‘तीर्थस्वरूप’ हेही हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, तुझ्या वागण्याकडे बघून नव्हे.) तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे की वहिनीच्या? वहिनीला माझा नमस्कार सांग, आणि तिचा गुडघा दुखायचा थांबला असेल तर तिने कुठलं तेल लावलं तेही कळव, कारण इथे सध्या तुझ्या मेहुण्यांचा गुडघा हा घरातला मुख्य विषय आहे आणि त्याला कारण तू आहेस. बाकी आम्ही सगळे खुशाल आहोत. आई तर इतकी खुशाल आहे की मला रडू येतं. पण ते पुढे सांगते.

तुझं पार्सल मिळालं. दोन वर्षं माणसाने आईला तोंड दाखवायचं नाही, फोन करायचा तर तोही माझ्या नंबरावर, आणि मग एक दिवस अचानक सहा धुराचे अलार्म पाठवून द्यायचे, याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. लोकांचे भाऊ साडी पाठवतात, फळं पाठवतात, निदान आपला फोटो तरी पाठवतात. तू पाठवलंस काय, तर घर पेटलं की बोंब मारणारी सहा भांडी. आणि सोबत चिठ्ठी: ‘प्रत्येक खोलीत एक लावा. आईच्या खोलीत नक्की.’ खाली सही. (सही कशाला? मी काय बँक आहे?)

ते भांडण मी आता उगाळत नाही. (उगाळते. मला कोण अडवणार आहे?) आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, माणसांनी भरलेल्या घरात, तू कानात घालायचं यंत्र तिच्या हातावर ठेवलंस आणि म्हणालास की आई आता बहिरी झाली आहे, हे आपण सगळ्यांनी मान्य करू या. यंत्र आणलंस ते चांगलं केलंस. ‘बहिरी’ म्हणालास तेही एक वेळ चाललं असतं. पण ते ओरडून सांगायची काय गरज होती? त्या अख्ख्या दिवसात नेमकं तेवढंच वाक्य तिला स्वच्छ ऐकू आलं. तेव्हापासून तिचं म्हणणं असं, की तिला सगळं ऐकू येतं, हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात. आणि ज्याने तिला बहिरी म्हटलं त्याचं मात्र तिला ऐकू येत नाही. यंत्र कपाटात डबीत आहे. मी मधूनमधून त्याची धूळ पुसते.

तर अलार्म. तुझे मेहुणे म्हणजे बसस्थानकाच्या खिडकीत बसून एकतीस वर्षं ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणत आलेला माणूस. सूचना देणं हा त्यांचा धंदा, सूचना वाचणं हा नव्हे. पार्सलमधली माहितीपुस्तिका अकरा भाषांत होती आणि त्यांतली एकही आपली नव्हती. त्यामुळे त्यांनी ती दोन बोटांत धरून उलटसुलट केली, ‘चित्रांवरून कळतंय’ असं जाहीर केलं आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. (त्याच टेबलावर मी हे पत्र लिहिते आहे. टेबल आता डुगडुगत नाही. पुस्तिकेचा एवढा तरी उपयोग झाला.) मग छताला भोकं पाडायला नकोत म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणली आणि एका सकाळीत पाच अलार्म चिकटवून टाकले. सहावा जरा वेगळा दिसत होता, त्याला जास्तीचं एक लाल बटण होतं, म्हणून तो ‘नंतर बघू’ म्हणून पंख्याच्या रिकाम्या खोक्यात गेला.

आठ दिवस एकही अलार्म हूं की चूं करेना. मी दोनदा पोळी करपवली, एकदा कांदा पार काळा केला, तरी सगळे गप्प. हे मात्र आल्यागेल्याला छताकडे बोट करून सांगत होते, की माल अस्सल आहे, उगाच बडबड करणाऱ्यातला नाही. नवव्या दिवशी बाल्कनीच्या दाराची बिजागरी बसवायला सुतार आला. त्याने मान वर केली आणि विचारलं, की यांच्या तोंडाला ही नारिंगी बुचं कशाला ठेवली आहेत? दादा, ती बुचं बसवताना धूळ जाऊ नये म्हणून असतात आणि बसवून झाल्यावर काढायची असतात. अकराही भाषांत बहुधा पहिलं वाक्य तेच असावं. तुझ्या मेहुण्यांनी खाली न बघता ‘मी मुद्दाम ठेवली होती’ असं सांगितलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही, कारण लग्नाला चौतीस वर्षं झाली आहेत आणि कुठे थांबायचं ते मला कळतं.

बुचं निघाली आणि आमचे दिवस फिरले. एक अलार्म यांनी बरोब्बर शेगडीच्या डोक्यावर चिकटवला होता. तो तेल तापलं की ओरडायचा, तवा ठेवला की ओरडायचा, आणि एकदा तर मी नुसती काड्यापेटी हातात घेतली तरी ओरडला. (हे खोटं आहे, पण मला तसं वाटलं.) दुसरा न्हाणीघराच्या दाराबाहेर होता. कोणी गरम पाण्याने अंघोळ करून दार उघडलं की वाफ पाहून तो किंकाळी फोडायचा, त्यामुळे आमच्या घरात कोण कधी न्हालं ते वरच्या मजल्यापर्यंत कळू लागलं. वर एक नर्स राहते, रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते. म्हणजे झोपायची. तिसऱ्या दिवशी ती गाऊनवर खाली आली आणि आवाज न चढवता म्हणाली, की तुम्ही लोकांनी चार दिवस अंघोळ केली नाहीत तरी माझी हरकत नाही.

तेवढ्यात एक अलार्म पट्टी सुटून यांच्या गुडघ्यावर पडला, ओरडतच पडला, आणि यांनी बसस्थानकावर कधी वापरले नसतील असे चार शब्द वापरले. तेव्हा कुठे सुतार पुन्हा आला, ड्रिल घेऊन. त्याने पाचही अलार्म भिंतीपासून हातभर लांब, शेगडी आणि वाफ दोन्हींपासून दूर, स्क्रूने पक्के बसवले. बसवताना प्रत्येकाला बूच घातलं आणि बसवून झाल्यावर माझ्यासमोर एकेक बूच काढून मोजून माझ्या हातात दिलं. असा माणूस मंत्री व्हायला हवा. इथे वास्तविक सगळं संपायला हवं होतं.

पण मग ‘चिक्’ सुरू झालं. मिनिटभर शांतता, मग कुठूनतरी एक ‘चिक्’, मग पुन्हा मिनिटभर शांतता. हे म्हणाले पाल आहे. मी म्हणाले तुमचा गुडघा आहे. आम्ही फ्रिज पुढे ओढला, नळ बांधले, मी खरोखरच यांना मिनिटभर न हलता उभं केलं आणि गुडघ्याला कान लावला. दोन दिवस असे गेले. अखेर कळलं ते असं, की टीव्हीच्या रिमोटचे सेल उतरले होते म्हणून यांनी एका अलार्मचे नवे सेल काढून रिमोटमध्ये घातले होते आणि रिमोटचे जुने अलार्ममध्ये. म्हणजे घर जळालं तरी चॅनल बदलत राहायला हवा, असा हिशेब. सेल संपत आले की तो बिचारा मिनिटामिनिटाला सांगत असतो, की माझ्याकडे बघा. मी त्याच दिवशी कानाला खडा लावला. आता दर रविवारी झाडूच्या दांड्याने मी स्वतः पाचही बटणं दाबून बघते, महिन्याला धूळ झाडते, आणि अलार्मच्या सेलला हात लावणाऱ्याला जेवायला मिळत नाही.

आणि या सगळ्या धुमाकुळात, दादा, एक माणूस शांत होता.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. शेगडीवरचा ओरडायचा तेव्हा मी टॉवेल हलवत धावत होते, हे खिडक्या उघडत धावत होते, आणि आई तिथेच टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर करून विचारलं, की तुम्हा दोघांना झालंय काय? मला वाटलं, ती टोमणा मारते आहे. (ती मारते. त्या बाबतीत वयाचा काही परिणाम नाही.) पण सुतार गेल्यावर पहिल्या रविवारी मी तिच्या खोलीतला अलार्म तपासला. दुपारची वेळ, ती गाढ झोपलेली, आणि अलार्म तिच्या बरोब्बर डोक्यावर. मी दांड्याने बटण दाबून धरलं. वरची नर्स जिना उतरून आली. समोरच्या घरातला कुत्रा रडू लागला. यांनी कान झाकले. आणि आई तोंड किंचित उघडं टाकून, हात उशीखाली घालून, तशीच झोपून राहिली. मी दांडा टाकला आणि तिचा श्वास चालू आहे का ते बघितलं.

नर्सने मला स्वयंपाकघरात बसवून पाणी दिलं आणि समजावलं, की म्हातारपणी बारीक, टिपेचे आवाज सगळ्यात आधी जातात आणि या अलार्मची किंकाळी नेमकी तसलीच असते. भरदार आवाज, माणसाचं बोलणं त्या मानाने जास्त दिवस राहतं, त्यातही ओळखीच्या माणसाचं. ती म्हणाली, दवाखान्यात तिने दहा हाकांना न हलणारी माणसं आपल्या माणसाच्या एका हाकेला डोळे उघडताना बघितली आहेत. आपण एक वेळ धावू, पण हिचं काय, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. आम्ही दोघं बाहेर गेलेलो असलो आणि ती झोपलेली असली तर? मी घाबरले, दादा. इतका वेळ थट्टा करते आहे, पण मी खरंच घाबरले.

मग सहावा आठवला. सुतारानेच पुस्तिका टेबलाखालून काढून चित्रं लावून अर्थ काढला. (टेबल पुन्हा डुगडुगू लागलं. आता तिथे यांच्या निवृत्तीचं मानपत्र आहे.) लाल बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. दहा सेकंदांत बोलणं संपवायचं, अकराव्याला ते आपोआप बंद होतं. मग धूर आला की आधी किंकाळी, मागोमाग आपलं बोलणं, पुन्हा किंकाळी, पुन्हा बोलणं. तू तो मुद्दाम निवडून घातला होतास की दुकानदाराने चुकून टाकला, ते मला माहीत नाही, पण पहिल्यांदाच तुझ्याबद्दल माझ्या मनात चांगला विचार आला. तो टिकला नाही, ती गोष्ट वेगळी.

पहिला मान अर्थातच तुझ्या मेहुण्यांनी घेतला. निवृत्तीनंतर त्यांच्या समोर कोणी माइक धरलेला नाही. घसा खाकरून, पाठ ताठ करून त्यांनी सुरुवात केली, ‘कुटुंबातील सर्व सदस्यांनी कृपया लक्ष द्यावे. आपल्या निवासस्थानी काही अपरिहार्य कारणास्तव’, आणि खट्. दहा सेकंद संपले. मी म्हटलं, ‘कृपया’ काढा. ते म्हणाले, एकतीस वर्षांत काढलेला नाही. सहा वेळा प्रयत्न झाले. सहाव्या खेपेला गाडी ‘आ’पर्यंत पोचली, ‘ग’ बाहेरच राहिला. तरी प्रयोग म्हणून दुपारी आईच्या उशाशी ते लावून बघितलं. किंकाळीने ती हलली नाही. यांच्या आवाजाने मात्र तिने कूस बदलली, डोळे मिटूनच ‘आपली नाही ही’ म्हणाली आणि पुन्हा झोपली. तिला वाटलं, गाडी लागली आहे.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘आई, ऊठ, आग लागली!’ जीव तोडून म्हटलं. आता हे लिहायला लाज वाटते, पण माझा आरडाओरडा ती माझ्या जन्मापासून ऐकते आहे. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी मी त्याच पट्टीत ओरडते. ती झोपेतच ‘असू दे, मी नंतर बघते’ म्हणाली. तिसऱ्या दिवशी नर्सने आवाज दिला. त्याला आईने प्रतिसाद दिला, म्हणजे पांघरूण डोक्यावरून ओढलं, कारण तिला वाटलं इंजेक्शन आहे. शेवटी सुतार. त्याचा आवाज चांगला भरदार, ढोलासारखा. ‘आजी, उठा, बाहेर चला’ असं त्याने म्हटलं, आणि खरोखर, आई उठली. उठली, केस सारखे केले, चपला घातल्या. आम्ही तिघं दाराआडून श्वास रोखून बघत होतो. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पाहुणा आला म्हणून चहाला गॅस पेटवला. म्हणजे घराला आग लागली की आमची आई पहिलं काम काय करणार, तर दुसरी लावणार. त्यापुढे मी हात टेकले.

असो. पाच अलार्म छताला आहेत, जागे आहेत, बुचांशिवाय आहेत. सहावा माझ्या समोर टेबलावर आहे. वस्तू चांगल्या आहेत, त्याबद्दल आभार. तुमच्यापैकी कोणाला बसवायचे असतील तर आमच्या सुताराला बोलाव, तुझ्या मेहुण्यांना नको. काळजी नसावी. वहिनीला पुन्हा नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि तुला जे काही देणं माझ्या वयाला शोभतं ते.

तुझी
धाकटी

ता. क. पत्र मेहुण्यांनी वाचलं. बुचांचा भाग गाळावा, अशी त्यांची नम्र सूचना आहे. गाळलेला नाही. तेलाचं नाव मात्र विसरू नकोस.

ता. क. दुसरा. वर ‘काळजी नसावी’ लिहिलं आहे ते खोटं आहे. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. सहाव्यात अजून काहीच भरलेलं नाही. सुताराचंही पुसून टाकलं. आणि एक गोष्ट मी सांगितलेली नाही, कारण आईने कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलं आहे.

पार्सल पोचलं का, असं विचारणारा तुझ्या आवाजातला निरोप माझ्या फोनवर आहे ना, तो मी परवा दुपारी पुन्हा लावला. वहिनीच्या गुडघ्याबद्दल तू काय म्हणाला होतास ते ऐकायचं होतं. आई आतल्या खोलीत झोपलेली, मी बाहेर पॅसेजमध्ये, आवाज काही फार मोठा नव्हता. तू ‘काय गं’ म्हणालास, एवढंच. पुढचं वाक्य संपायच्या आत आई बाहेर आली. चष्मा नाही, चपला नाहीत, पदर धड नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तडक बाहेरच्या दाराशी गेली, कडी काढली, दार सताड उघडलं आणि जिन्याकडे बघत उभी राहिली. मी जवळ जाऊन सांगितलं, की अगं, फोन होता. तिने तरी जिन्यात वाकून बघितलं. मग म्हणाली, ‘मला वाटलं, आला.’ आणि जिना झाडायला झालाय म्हणून मलाच दोन शब्द सुनावून आत गेली. पांघरूण घेऊन पडली, पण झोपली नाही.

तेव्हा आता नीट ऐक. तो आवाज फोनवरून अलार्ममध्ये उतरवून बघितला, पण तू नळाखाली बसून बोलतोयस असं वाटतं. तुला स्वतः यावं लागेल, बटण दाबून धरावं लागेल आणि बोलावं लागेल. ‘आग’ हा शब्द नको. नुसतं म्हण, ‘आई, मी आलोय, दार उघड.’ ती उठून सरळ घराबाहेर पडते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, आणि घर पेटल्यावर माणसाने दुसरं काय करायचं असतं? एवढं म्हणायला चार सेकंद लागतात. उरतात सहा. तेवढ्यात माफी आरामात बसते. मी तुझ्या वतीने दोनदा म्हणून बघितली.